घोटभर पाणी आणि खुणांचा कागद : लिव्हरपूल केअर पाथवेचं प्रकरण

१५ जुलै २०१३ रोजी इंग्लंडमध्ये एक सरकारी अहवाल आला आणि दीड दशकात देशभरच्या रुग्णालयांत रुजलेली एक कार्यपद्धती मोडीत निघाली. तिचं नाव लिव्हरपूल केअर पाथवे. डॉक्टर-नर्सच्या बोलण्यात ती नुसती एलसीपी असायची. ज्याचे शेवटचे काही तास किंवा दिवस उरलेत अशा माणसाची वॉर्डात काळजी कशी घ्यायची, हे टप्प्याटप्प्यानं सांगणारा हा दस्तऐवज होता. चौकशी समितीच्या अध्यक्ष होत्या बॅरोनेस ज्युलिया न्यूबर्गर. त्या ज्यू धर्मगुरू आणि हाउस ऑफ लॉर्ड्सच्या सदस्य आहेत. समितीनं ४४ शिफारशी केल्या. त्यातली मुख्य शिफारस अशी, की सहा ते बारा महिन्यांत ही पद्धत बंद करावी.

चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे, जिथे एलसीपी नीट वापरली जाते तिथे माणसं शांतपणे आणि सन्मानानं मरतात, असंही हाच अहवाल म्हणतो. मग ती बंद का झाली? वर्तमानपत्रांनी मोहीम चालवली होती हे खरं. काही डॉक्टरांचा विरोध होता हेही खरं. पण समितीपुढचं वजनदार म्हणणं होतं ते नातेवाइकांचं. आई, वडील, नवरा, बायको त्या वॉर्डात गेलेले, आणि आपण तिथे काय पाहिलं ते सांगायला आलेले हे लोक. या प्रकरणाकडे बहुतेक जण पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बरं करण्यापेक्षा त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या काळजीचं, अपयश किंवा माध्यमांचा उच्छाद म्हणून बघतात. माझ्या मते ही गोष्ट मुळात संशोधनाची आहे. ज्यांना विचारायला हवं होतं त्यांना संशोधकांनी वेळेत विचारलं नाही, आणि मग तेच लोक तक्रारदार होऊन समोर उभे राहिले.

कागद काय म्हणत होता

एलसीपी तयार झाली १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, लिव्हरपूलमधलं रॉयल लिव्हरपूल युनिव्हर्सिटी हॉस्पिटल आणि तिथलं मेरी क्युरी हॉस्पिस यांच्या सहकार्यातून. हेतू चांगला होता. हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या काळातल्या रुग्णांसाठीच्या खास केंद्रात, मरणाऱ्या माणसाला जी निगुतीची काळजी मिळते ती साध्या रुग्णालयाच्या गजबजलेल्या वॉर्डातही मिळावी, एवढीच कल्पना. नको त्या रक्ततपासण्या थांबवायच्या, नको ती औषधं बंद करायची. वेदना, धाप, घशातली घरघर, बेचैनी यांसाठीची औषधं आधीच लिहून ठेवायची, म्हणजे रात्री दोन वाजता कुणाला डॉक्टर शोधत फिरावं लागू नये. नातेवाइकांशी बोलायचं. मृत्यूनंतर त्यांच्या हातात माहितीपत्रक द्यायचं.

२००४ मध्ये नाइस या उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या सरकारी संस्थेच्या कर्करुग्णांसाठीच्या मार्गदर्शनात तिची शिफारस झाली आणि २००८ च्या राष्ट्रीय धोरणातही ती आली. पुढे अनेक ठिकाणी स्थानिक निधीचा काही भाग तिच्या वापराशी जोडला गेला. इतके रुग्ण एलसीपीवर घेतले, तर इतके पैसे. न्यूबर्गर समितीला ही गोष्ट फार खटकली, आणि खटकायलाच हवी होती. मरणाच्या कागदावर लक्ष्य आणि बक्षीस लावलं की तो कागद कुणासाठी भरला जातोय, असा प्रश्न खाटेशेजारी बसलेल्या कोणत्याही मुलीच्या मनात येणार.

आता कागदाचं रूप बघा. प्रत्येक उद्दिष्टापुढे खूण करायची जागा. साध्य झालं, की नाही? नसेल तर का नाही, ते लिहायचं. दर चार तासांनी पुन्हा तेच. २००९ च्या बाराव्या आवृत्तीत दर तीन दिवसांनी संपूर्ण चमूनं फेरविचार करावा असंही होतं. रुग्णाला जमेल आणि हवं असेल तोवर तोंडानं पाणी द्यावं, हेही स्पष्ट लिहिलेलं होतं.

आधीच्या आवृत्त्यांमध्ये रुग्ण मरणपंथाला लागलाय हे ओळखायच्या चार खुणा दिल्या होत्या. अंथरुणाला खिळलाय, अर्धवट बेशुद्ध आहे, गोळ्या गिळू शकत नाही, आणि फक्त घोटघोट पाणी पिऊ शकतो. चारांपैकी दोन जुळल्या तर विचार करा. म्हणजे जो घोट नातेवाइकाला अजून जीव असल्याची खूण वाटत होता, तोच कागदावर शेवट जवळ आल्याची खूण होता. वॉर्डात हे दोघे एकाच चमच्याकडे बघत होते.

खाटेशेजारून काय दिसलं

समितीसमोर नातेवाईक आले, त्यांनी पत्रं लिहिली, वेगवेगळ्या शहरांतल्या बैठकांमध्ये ते बोलले. पुन्हा पुन्हा आलेला विषय म्हणजे पाणी.

तोंड ओलं ठेवण्यासाठी तिथे काडीला लावलेला छोटा स्पंज वापरतात. पाण्यात बुडवून ओठांवर, जिभेवर फिरवायचा. नातेवाइकांनी सांगितलं, की आमचं माणूस तो स्पंज जिवाच्या आकांतानं चोखत होतं. पाणी पाजायला गेलो तर नर्स आमच्यावर ओरडली, असंही काहींनी सांगितलं. नर्सच्या बाजूनं एक कारण होतं : गिळता येत नसेल तर पाणी श्वासनलिकेत जाईल, ठसका लागेल, न्यूमोनिया होईल. पण हे कारण खाटेशेजारी बसलेल्या मुलाला कुणी नीट समजावून सांगितलेलं नसायचं. त्यानं पाहिलं ते एवढंच : सलाईन काढलं, ग्लास उचलून नेला, आणि बाबा स्पंज सोडत नाहीयेत.

मराठी वाचकाला याचं वजन वेगळं सांगायला नको. शेवटच्या क्षणी तोंडात गंगाजळ आणि तुळशीपत्र घालता आलं नाही ही रुखरुख आपल्याकडे लोक वर्षानुवर्षं बाळगतात. इंग्लंडमधल्या त्या घरांमध्ये तुळस नव्हती, रुखरुख मात्र हीच होती.

दुसरा विषय सिरिंज पंपाचा. कातडीखाली बारीक सुई, आणि पंपातून चोवीस तास थेंबाथेंबानं जाणारं औषध. बहुतेक वेळा वेदना शमवणारं मॉर्फिन आणि गुंगी आणणारं मिडाझोलाम. सकाळी बोलत असलेली आई पंप लावल्यावर दुपारी झोपी गेली, नंतर उठलीच नाही, दोन दिवसांनी गेली. डॉक्टर म्हणणार, ती जाणारच होती म्हणून पंप लावला. मुलगी म्हणणार, पंप लावला म्हणून ती गेली. घटनांचा क्रम दोघांच्या डोळ्यांसमोर एकच. एखाद्या रुग्णाच्या बाबतीत कोण बरोबर हे नंतर ठरवणं बरेचदा अशक्यच असतं, कारण माणूस नेमका केव्हा मरणार हे आधी सांगण्यात वैद्यकशास्त्र आजही कच्चं आहे. समितीनं हे अनिश्चितपण मान्य केलं. उपचार थांबवण्याचा निर्णय रात्री-अपरात्री किंवा सुटीच्या दिवशी कनिष्ठ डॉक्टरानं घेऊ नये, जबाबदार वरिष्ठानं दिवसाउजेडी घ्यावा, असंही सुचवलं.

तिसरी गोष्ट सगळ्यात साधी आणि मला वाटतं सगळ्यात जास्त संताप आणणारी : अनेकांना आपलं माणूस एलसीपीवर आहे हे माहीतच नव्हतं. काहींना ते नंतर, केसपेपर मागवल्यावर कळलं. कागदात कुटुंबाशी बोलण्यासाठी जागा होती, तिथे खूणही होती. बोलणं मात्र झालेलं नव्हतं, किंवा कॉरिडॉरमध्ये, दुसरा पेशंट वाट बघत असताना, दोन वाक्यांत उरकलेलं होतं. “आता आपण त्यांना आरामात ठेवणार आहोत” हे वाक्य डॉक्टरच्या दृष्टीनं मृत्यूची बातमी असते. ऐकणाऱ्याला ते उशी नीट करण्यासारखं वाटू शकतं.

तोवरचं संशोधन कुणाकडे बघत होतं

इतकी पसरलेली पद्धत, तर तिच्यामागे भक्कम पुरावा असेल असं कुणालाही वाटेल. तो नव्हता. जगभरचे प्रयोग चाळून निष्कर्ष काढणाऱ्या कॉक्रेनच्या २०१० च्या आढाव्याला अशा पाथवेंवरचा एकही पात्र नियंत्रित प्रयोग, म्हणजे पाथवे वापरणारा आणि न वापरणारा असे दोन गट शेजारी ठेवून पाहणारा प्रयोग, सापडला नाही. बरेचसे अभ्यास पाथवेआधी आणि पाथवेनंतर अशा तुलनेचे होते, आणि त्यांतही मोजायला सोपं ते मोजलेलं : नोंदी सुधारल्या का, औषधं लिहून ठेवली का, कर्मचाऱ्यांना आत्मविश्वास वाटतो का. कागद नीट भरला गेला का, हे त्याच कागदावरून तपासायचं, असा तो मामला.

नातेवाइकांना कुणी विचारलंच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. नेदरलँड्समधल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एलसीपी आल्यानंतरच्या काळातल्या नातेवाइकांमध्ये शोकाची तीव्रता थोडी कमी आढळली होती. खुद्द लिव्हरपूलमध्ये कॅट्रिओना मेलँड यांनी मृतांच्या जवळच्यांसाठी प्रश्नावली तयार केली. त्यांच्या पाहणीत हॉस्पिसमधली काळजी सर्वांत चांगली ठरली आणि एलसीपी न वापरलेली रुग्णालयातली काळजी सर्वांत वाईट. एलसीपी वापरलेली रुग्णालयं या दोहोंच्या मध्ये. म्हणजे नातेवाइकांचं म्हणणं सरसकट विरोधात होतं असंही नाही. पण हे काम २०१३ मध्ये छापून आलं, वाद पेटल्यावर. पद्धत देशभर पोहोचली तेव्हा ते कुणाच्या हातात नव्हतं.

इंग्लंडकडे मात्र एक असं साधन होतं जे बऱ्याच देशांकडे नव्हतं. मृत्यूची नोंद करणाऱ्या व्यक्तीला काही महिन्यांनी टपालानं प्रश्नावली पाठवायची. व्हॉइसेस नावाची ही प्रश्नावली साउदॅम्प्टनच्या ज्युलिया अॅडिंग्टन-हॉल यांच्या कामातून आली आणि २०११ पासून तिचं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. २०१५ च्या फेरीत सुमारे ४९ हजार जणांना पत्रं गेली, २१,३२० उत्तरं आली. एकूण काळजी चांगली किंवा त्याहून वरची होती असं ७५ टक्क्यांनी सांगितलं. पण मृत्यू कुठे झाला त्यानुसार चित्र बदलत होतं : केअर होममध्ये (वृद्ध आणि परावलंबी लोकांच्या निवासगृहात) ८२ टक्के, हॉस्पिसमध्ये आणि घरी ७९, रुग्णालयात ६९.

हे आकडे आणि समितीपुढच्या कहाण्या शेजारी ठेवल्या की एक जुना वाद उभा राहतो. संशोधक म्हणतात, समितीकडे आले ते चिडलेले लोक. ज्यांचं सगळं नीट झालं ते घरी बसले. नमुना एकतर्फी आहे. हे बरोबरच आहे. पण व्हॉइसेसला उत्तर न देणाऱ्या अर्ध्याहून जास्त लोकांबद्दल आपल्याला काय ठाऊक आहे? शिवाय सर्वेक्षण ‘किती जणांना’ हे सांगतं, ‘काय झालं’ हे नाही. ग्लास उचलून नेला ही गोष्ट कुठल्याही टक्केवारीत दिसली नसती, कारण ती विचारण्याचं कुणाला सुचलंच नव्हतं. तक्रारीनं तो प्रश्न दाखवला. दाखवलेल्या प्रश्नाचं मोजमाप करणं हे पुढचं काम होतं, आणि ते दुसऱ्या देशांत झालं.

इटली, बेल्जियम

एलसीपीवरचा पहिला नियंत्रित प्रयोग इटलीत झाला. मासिमो कॉस्टान्टिनी आणि सहकाऱ्यांचा हा प्रयोग लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ऑक्टोबर २०१३ मध्ये ऑनलाइन आला, म्हणजे इंग्लंडमध्ये निकाल लागून गेल्यावर तीन महिन्यांनी. रुग्णालयांतले १६ मेडिसिन वॉर्ड, त्यातले निम्मे चिठ्ठ्या टाकून एलसीपीसाठी निवडलेले. यशाचं मुख्य माप मात्र रक्तदाब किंवा औषधाचा डोस नव्हतं. मृत्यूनंतर काही महिन्यांनी नातेवाइकाची मुलाखत घ्यायची आणि काळजीच्या दर्जाला शंभरपैकी गुण काढायचे, हेच माप. सहा महिन्यांत त्या वॉर्डांत कर्करोगाचे ३०८ रुग्ण गेले. त्यातल्या २३२ जणांचे नातेवाईक बोलले. चारांतले तीन! मृत माणसाच्या घरच्यांना बोलायचं नसतं, असं ठामपणे सांगणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

गुण आले एलसीपी वॉर्डात सरासरी ७०.५ आणि इतर वॉर्डांत ६३. फरक दिसतो, पण सोळाच वॉर्ड असल्यानं तो योगायोगाचाही असू शकतो, अशीच संख्याशास्त्राची भाषा होती. आदर, सन्मान, आपुलकी या बाबतीत मात्र नातेवाइकांनी एलसीपी वॉर्डांना स्पष्टपणे जास्त गुण दिले, आणि धाप आटोक्यात ठेवण्याच्या बाबतीतही. इंग्लंडमध्ये जी पद्धत निष्ठुरपणाचं दुसरं नाव झाली होती, तिला इटलीत आपुलकीचे गुण मिळाले. कागद जवळपास सारखाच होता. फरक असा, की इटलीत प्रयोगासाठी वॉर्डातल्या लोकांना आधी रीतसर शिकवलं गेलं, नंतरही पाठबळ मिळालं, आणि लक्ष्य गाठलं तर पैसे वगैरे भानगड नव्हती. हा माझा अर्थ. प्रयोगातून तेवढंच सिद्ध होत नाही.

बेल्जियमचा निकाल मला याहून महत्त्वाचा वाटतो. फ्लँडर्समधल्या दहा रुग्णालयांच्या वृद्धोपचार वॉर्डांत केअरफुल नावाचा कार्यक्रम तपासला गेला. तो एलसीपीच्याच इंग्लिश, डच आणि इटालियन रूपांवरून बेतलेला. २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये निष्कर्ष आले. नर्सच्या मते, कार्यक्रम राबवलेल्या वॉर्डांत मरणासन्न रुग्ण स्पष्टपणे अधिक आरामात होते. नातेवाइकांच्या मते, आरामात काही फरक नव्हता. आणि काळजीबद्दलचं नातेवाइकांचं समाधान कार्यक्रमाच्या वॉर्डांत उलट कमी निघालं.

यावर थोडं थांबायला हवं. वॉर्ड तोच, रुग्ण तेच, शेवटचे दिवस तेच. नर्स म्हणते सुधारलं, मुलगा म्हणतो बिघडलं. सोपं उत्तर असं, की नर्स प्रशिक्षित आणि मुलगा दुःखी, तेव्हा नर्सचं धरा. पण नर्सला हेही ठाऊक होतं, की आपल्या वॉर्डात नवा कार्यक्रम चालू आहे, आपण त्यासाठी कष्ट घेतलेत. तिच्या गुणांमध्ये ते कष्टही मिसळलेले असणारच. उलट बाजूनं, मरण जवळ आलंय हे मोकळेपणानं सांगितल्यामुळेच नातेवाइकाचं समाधान कमी झालं असेल, असंही शक्य आहे. वाईट बातमी प्रामाणिकपणे देणाऱ्याला लगेच कुणी चांगले गुण देत नाही. म्हणजे समाधानाचे गुण खाली आले याचा अर्थ काळजी वाईट झाली असाच नाही, आणि ते वर गेले तरी काळजी चांगली झाली असंही नाही.

म्हणूनच नातेवाइकांचा दृष्टिकोन एका आकड्यात मावत नाही. त्यांना पाचांपैकी किती गुण देता असं विचारून भागत नाही. तुम्हाला काय सांगितलं गेलं, कोणी सांगितलं, कुठे उभं राहून, तुम्हाला त्यातून काय कळलं, आणि आज तुमच्या डोक्यात काय घोळतंय, हे विचारावं लागतं. यात एक मेख आहे. नातेवाईक हा साक्षीदार आहे आणि शोकग्रस्तही. वेदना किती होत्या याबद्दल त्याची साक्ष कधी कधी रुग्णाच्या अनुभवाशी जुळत नाही. पण त्याच्यावर काय गुजरलं याबद्दल त्याच्याइतका खात्रीचा साक्षीदार दुसरा नाही. संशोधनात या दोन प्रश्नांची सरमिसळ सर्रास होते.

“त्यांना आत्ता त्रास नको”

मग विचारत का नाहीत? सर्वात मोठा अडथळा सद्भावनेचा. संशोधनाला परवानगी देणारी नैतिकता समिती म्हणते, घाव ताजा आहे, नको. वॉर्डची सिस्टर म्हणते, बिचारे खचलेत, त्यांचा नंबर देऊ नका. सहा महिन्यांनी पत्र पाठवावं तर म्हणतात, खपली काढू नका.

याची पडताळणी झालेली आहे. अमेरिकेत मृत्यू जवळ आलेले ९८८ रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारे कुटुंबीय यांच्याशी मरण आणि शोक याविषयी मुलाखती घेऊन शेवटी विचारलं गेलं, की या बोलण्याचा ताण आला का. एझेकिएल इमॅन्युएल आणि सहकाऱ्यांचं हे काम २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. दोन्ही गटांतल्या दहापैकी जवळपास नऊ जणांनी ताण आला नाही किंवा नाममात्र आला असं सांगितलं. फार ताण आला म्हणणारे शंभरात दोनच्याही आत. बोलल्याचा उपयोग झाला म्हणणारे त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त होते. शोकातल्या माणसाला विचारूच नये हा निर्णय बहुधा त्याला न विचारताच घेतलेला असतो.

वेळेचा प्रश्न मात्र खरा आहे. फार लवकर विचारलं तर सुन्नपणाच हाती लागतो. फार उशीर केला तर आठवणीवर घडी बसलेली असते, चार नातेवाइकांच्या चर्चेतून एकच गोष्ट पक्की झालेली असते. व्हॉइसेसची पत्रं मृत्यूनंतर साधारण चार ते अकरा महिन्यांनी जात. इटलीतल्या मुलाखती दोन ते चार महिन्यांनी झाल्या. यातलं कोणतंही अंतर आदर्श नाही. वाढदिवस, वर्षश्राद्धाच्या आसपास पत्र पडू नये एवढी काळजी तरी घेता येते.

पुढे काय झालं

१४ जुलै २०१४ पर्यंत एलसीपी वापरातून काढायची होती. त्याच्या आधी, जून २०१४ मध्ये, तिची जागा घेणारी पाच प्राधान्यं जाहीर झाली : मरण जवळ आल्याची शक्यता ओळखून तसं सांगणं, संवेदनशीलपणे बोलणं, रुग्ण आणि कुटुंबाला निर्णयात घेणं, कुटुंबाच्या गरजा बघणं, आणि प्रत्येकासाठी वेगळा आराखडा करणं. कागद एकच नको, हाच मुख्य धडा घेतला गेला. डिसेंबर २०१५ मध्ये नाइसचं नवं मार्गदर्शन आलं. त्यात पाण्यावर स्वतंत्र भाग आहे : प्यावंसं वाटेल आणि पिता येईल तोवर मदत करा, रोज तपासा, सलाईन द्यायचं-न द्यायचं याचे फायदे-तोटे रुग्णाशी आणि घरच्यांशी बोला. खाटेशेजारून आलेलं म्हणणं मार्गदर्शनात असं उतरलं.

मे २०१४ मध्ये एका राष्ट्रीय तपासणीचा अहवाल आला, त्यात ३६ रुग्णालय-संस्थांतल्या ८५८ नातेवाइकांची उत्तरं होती. शेवटच्या दोन दिवसांत सलाईनची गरज आहे का याच्या चर्चेत आपल्याला घेतलं गेलं, असं सांगणारे फक्त ३९ टक्के. तेव्हा पाथवे अजून पुरता गेलेला नव्हता, आणि न बोलणंही. नुसता पाथवे गेल्यानं ते जाईल असंही नाही. बोलायला वेळ लागतो, बोलणाऱ्याला शिकवावं लागतं, आणि वॉर्डात नर्स कमी असतील तर कागद कोणताही असो, बोलणंच आधी सुटतं.

व्हॉइसेसचं राष्ट्रीय सर्वेक्षण २०१५ च्या फेरीनंतर थांबलं. २०१८ पासून शेवटच्या दिवसांतल्या काळजीच्या राष्ट्रीय अंकेक्षणात (ऑडिटमध्ये) नातेवाइकांची प्रश्नावली जोडली गेली आहे. तिचा भर रुग्णालयांतल्या मृत्यूंवर आहे. घरी आणि केअर होममध्ये जाणाऱ्यांच्या घरच्यांचा आवाज त्यामुळे पूर्वीइतका ऐकू येत नाही.

आपल्याकडचा संदर्भ थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला (शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला) आणि जीवरक्षक उपचार थांबवण्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. आता रुग्णालयात दोन वैद्यकीय मंडळं मत देतात आणि कुटुंबाची संमती घेतली जाते. त्या फॉर्मवर सही कुणाची हे नोंदलं जाईल. सही करणाऱ्या सुनेला किंवा मुलाला तेव्हा काय समजलं होतं, हे सहा महिन्यांनी कुणी विचारणार आहे का? आपल्याकडे घरचेच निर्णय घेतात, घरचेच खर्च उचलतात आणि बरेचदा रुग्णापासून निदानही घरचेच लपवतात. “सलाईन काढायला मीच हो म्हटलं” हे ओझं इंग्लंडमधल्या नातेवाइकाच्या ओझ्यापेक्षा वेगळं आहे. तिथे तक्रार होती की आम्हाला विचारलं नाही. इथे उद्या तक्रार असेल की सगळं आमच्यावरच टाकलं. इंग्लंडची प्रश्नावली भाषांतर करून इथे चालवली तर नेमकं हेच हातातून निसटेल.

पाण्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. अमेरिकेत १२९ कर्करुग्णांवर रोज एक लिटर सलाईन आणि नाममात्र १०० मिलिलिटर यांची तुलना झाली. २०१३ मध्ये निष्कर्ष आला, की लक्षणांत फरक नाही. पण त्याच गटाच्या मुलाखतींत रुग्ण आणि घरच्यांनी सलाईनला आशा आणि आराम असा अर्थ दिलेला होता, म्हणजे नळीतून जाणारं पाणी त्यांच्यासाठी औषधापुरतं नव्हतं. इंग्लंडमध्ये अँड्र्यू डेव्हिस यांच्या चमूनं आधी १२ ठिकाणी २०० रुग्णांवर चाचपणी केली, आणि त्यातून १,६०० रुग्णांचं लक्ष्य ठेवणारा मोठा प्रयोग उभा राहिला. त्याच्या आराखड्यात चिठ्ठी रुग्णाच्या नावानं टाकली जात नाही, ती भाग घेणाऱ्या अख्ख्या केंद्राच्या नावानं टाकतात. बेशुद्धीकडे झुकलेल्या माणसाच्या वतीनं, २००५ च्या मानसिक क्षमता कायद्यानुसार, जवळच्या व्यक्तीला विचारलं जातं : तुमच्या माणसाला शुद्ध असती तर या अभ्यासात भाग घ्यायला तो तयार झाला असता का? तुम्हाला काय हवंय, असं विचारत नाहीत. मुख्य माप भ्रमावस्थेचं आहे, म्हणजे पाणी दिल्यानं माणसाची शेवटची बरळ कमी होते का, याचं. खाटेशेजारी बसलेल्यांना सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न, तहान लागली होती का, हा त्या मुख्य मापात नाही.